एको पॉइंटच्या पलीकडचा आवाज

खानसाम्याला लोक हमखास विचारतात, सगळ्यात अवघड पदार्थ कोणता? मी सांगतो, दुपार. कोंबडी तासाभरात शिजते, भात त्याच्या आधी होतो. पण पुण्या-मुंबईहून मोटारीने आलेल्या माणसाची जेवणानंतरची दुपार काही केल्या शिजत नाही. सकाळी उतरल्या उतरल्या तो पाणी पाहून खूश होतो. जेवून उठला की पुन्हा तेच पाणी दिसतं आणि तो घड्याळ बघायला लागतो.

मुळशीच्या अंगाला, धरणाच्या पाण्याचा एक चिंचोळा फाटा डोंगरात शिरतो, त्याच्या काठावर एका सरकारी खात्याचा विश्रामबंगला होता. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा मी तिथे लागलो. कागदावर मी खानसामा. प्रत्यक्षात राखणदार, माळी, नावाडी आणि पाहुण्यांना रान दाखवणारा, सगळं मीच. मी पौडचा, बाजारगावचा मुलाणी. सातवी झालेलो असल्यामुळे पाहुण्यांच्या वहीत नावनिशी लिहून घेण्याचं कामही माझ्याकडेच आलं. काही पाहुणे माझ्या हातचं खायचे नाहीत. ते येताना स्टोव्ह आणि डबे घेऊन यायचे. त्यांना मी लाकडं द्यायचो आणि विहीर कुठे आहे ते लांबून दाखवायचो. तेही गुण्यागोविंदाने चालायचं.

ती जागा मोठी विलक्षण होती. थंडीच्या दिवसांत सकाळी पाण्यातून वाफ निघायची आणि डोंगरांचे नुसते माथे वर तरंगत असायचे. पायथे नाहीतच. नऊ-साडेनऊपर्यंत आपण जागे झालो की नाही, याची खात्री वाटायची नाही. चहाचा कप घेऊन व्हरांड्यात बसलेला भला मोठा अधिकारीसुद्धा तिथे हळू आवाजात बोलायचा. मी एवढी वर्षं तिथे राहिलो, पण कधीकधी वाटतं की राहिलो नाही, नुसता झोपेत एकदा जाऊन आलो.

रान दाखवण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पाहुण्याला सगळं एकदम दाखवायचं नसतं, हा पहिला धडा. धबधबा पहिल्या दिवशी दाखवला की दुसऱ्या दिवशी तो करवंदाच्या जाळीकडे ढुंकून बघत नाही. दुसरा धडा असा की पाहुण्याला पुढे घालायचं आणि आपण मागे राहायचं, म्हणजे जे दिसेल ते त्यालाच पहिल्यांदा दिसल्यासारखं वाटतं. मी एका साहेबांना एकच शेकरू तीन दिवस रोज नव्याने शोधू दिलं. आणि तिसरा धडा म्हणजे जागेला नाव पाहिजे. नुसता कडा म्हटला की कुणी चालत जात नाही. 'पॉइंट' म्हटलं की आजीबाईसुद्धा काठी घेऊन उठतात. महाबळेश्वरला पॉइंट होते, माथेरानला होते, मग आमचंच घोडं कुठे अडलं होतं?

बंगल्यापासून पाच मिनिटांच्या चालीवर एक खडक पाण्यावर पुढे आला होता. समोर फाट्याचं पाणी, त्यापलीकडे झाडीने भरलेला डोंगर. तिथे एकदा मुंबईचे एक दाढीवाले गृहस्थ मजेखातर आपल्या नावाने ओरडले. आम्ही वाट पाहिली. चारपाच श्वास गेले आणि समोरून त्यांचं नाव परत आलं, जरा जाड होऊन. ते हसले. तेवढ्यात आणखी दुरून, पार वरून, तेच नाव पुन्हा आलं, बारीक होऊन. गृहस्थ थक्क झाले. म्हणाले, मी खूप हिंडलोय, पण दोनदा येणारा एको कुठे ऐकला नाही. संध्याकाळी त्यांनी वहीत पानभर लिहिलं.

मी फळी घेतली, डांबराने तिच्यावर 'एको पॉइंट' असं रंगवलं आणि खडकाजवळ ठोकली. त्या दिवसापासून माझी दुपार शिजायला लागली.

एको कुठून येतो याचा विचार मी केला नव्हता. पाणी आहे, डोंगर आहे, येत असेल. पहिला हंगाम असाच गेला. मग एकदा माझी शेळी सुटली. चंपी तिचं नाव. मी तिला शोधत खडकापर्यंत गेलो आणि वैतागून हाक मारली, "चंपीऽऽ". रीतसर चारपाच श्वासांनी समोरून "चंपीऽऽ" आलं. मी परत फिरणार, तोच समोरूनच दुसरी आरोळी आली.

"कंची चंपीऽऽ? शेळी का म्हऽऽस?"

माझ्या एकोला शेळी आणि म्हैस यांतला फरक कळत होता.

दुसऱ्या दिवशी होडी काढून मी पलीकडे गेलो. झाडीत एक खोप होती, कुडाच्या भिंतीची, शेजारी दगडी गोठा. दारात एक उंच, वाळका म्हातारा दोर वळत बसला होता. छाती मात्र भात्यासारखी. हाच माझा एको. नाव ठकाजी. घरात तो आणि त्याची बायको यसू, दोघंच. मूलबाळ नाही, दोन म्हशी आणि थोडी नाचणी.

त्याने मला जे सांगितलं ते मला, बाजारगावच्या माणसाला, नवीन होतं. त्या डोंगरांत घरं लांबलांब, मध्ये पाणी आणि ओढे. निरोप जायचा तो हाळीने. एकाने हाक घातली की ज्याच्या कानावर पडेल त्याने ती जशीच्या तशी परत घालायची. म्हणजे घालणाऱ्याला कळतं की पोचली, आणि पुढच्या वाडीलाही ऐकू जाते. मग पुढच्या वाडीने ती तिच्या पुढे लावायची. हाक कुणाची, कशाला, हे विचारत बसायचं नाही. वाऱ्यापावसात शब्द फाटतात, तेव्हा नुसता लांब 'कूऽऽ' असा कुकारा घालायचा. लागोपाठ तीन कुकारे म्हणजे नड आहे, होडी आणा.

"धरनाचं पानी चढलं," ठकाजी म्हणाला, "तवा आमची वाडी चार डोंगरांवर फाकली. कोन कुटं गेलं कळंना. बाप एकीकडं, ल्योक एकीकडं. हाळीवरच एकमेकांला घावलो. तवापासून हितं हाळी आली आनि कुनी घेतली न्हाई, आसं झालं न्हाई."

म्हणजे मुंबईच्या दाढीवाल्यांचं नाव ठकाजीने घेतलं होतं, आणि मागून जी बारीक ओ आली ती वरच्या वाडीची होती. तिथून ते नाव आणखी कुठवर गेलं, अल्ला जाणे.

मला हसू येत होतं. खरं काय ते तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तेवढ्यात यसूआत्या दुधाचा लोटा घेऊन बाहेर आली. ठेंगणी, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि ठकाजीने विचारलं, "तुमच्या बंगल्यावरची मानसं लई हरवत्यात व्हय रं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अख्खा हंगामभर हा माणूस समजत होता की पुण्यामुंबईचे लोक रानात चुकतात आणि त्यांची माणसं खडकावर येऊन त्यांना हाका मारतात. दुसऱ्या कशासाठी माणूस डोंगराकडे तोंड करून नाव घेईल? तो हाक पुढे लावायचा, वरच्या वाडीला कामाला लावायचा, आणि कुठलं नाव फारच कळवळून आलं असेल तर काठी घेऊन स्वतः झाडीत एक फेरी मारायचा. आत चुलीजवळच्या दुरडीत एक भाकरी फडक्यात बांधलेली होती. चुकलेलं माणूस एखाद्या वेळी इकडेच निघालं तर भुकेलं असेल, म्हणून यसूआत्या रोज एक जास्तीची थापायची. दुसऱ्या दिवशी ती म्हशीला घालायची आणि नवी ठेवायची.

"घावत्यात का पर शेवटी?" तिने विचारलं.

"घावतात, आत्या," मी म्हटलं. "सगळे घावतात."

एवढंच बोललो. त्या एका वाक्यावर मी पुढे सहा-सात वर्षं काढली. एकदा खोटं बोललं की ते पाळीव जनावरासारखं रोज चारा मागतं. एक दिवसाआड मी ठकाजीकडे दूध आणायला जायचो, आणि तो दारातच विचारायचा. ती शालिनी घावली का? त्यो डिसोजा म्हनून हुता, त्यो? मी म्हणायचो, घावली. घावला. तो मान डोलवायचा आणि दुधाचं माप घालायचा. यसूआत्याचं मात्र एकच म्हणणं, डोळ्यांनी बघंन तवाच खरं. ठकाजीच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते बघून मला वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय? पाहुणे खूश, ठकाजी खूश, मी खूश. माझ्या खुशीचं कारण तर पक्कं होतं. मी हंगामी होतो. खात्याचे एक वरिष्ठ साहेब एकदा तपासणीला आले, खडकावर उभं राहून त्यांनी आपलं नाव हुद्द्यासकट घातलं, आणि डोंगराने ते हुद्द्यासकट दोनदा परत दिलं. पुढच्याच महिन्यात माझा कायम झाल्याचा कागद आला. अशा वेळी डोंगर म्हणजे ठकाजी, हे साहेबांना कोण सांगेल?

त्या वर्षांतली एक जोडी मला विशेष आठवते. नवीनच लग्न झालेली, पुण्याची. तो कुठल्याशा कचेरीत कारकून, ती शाळा शिकलेली पण बोलायला लाजणारी. सुमतीबाई. स्टोव्ह घेऊन येणाऱ्यांपैकी. दुपारी मी त्यांना खडकावर नेलं. नवऱ्याने हौसेने "सुमतीऽऽ" म्हणून दोनदा आरोळी दिली, दोनदा ऐकली, आणि मग तो पाण्याच्या कडेने बगळे बघत पुढे गेला. ती तिथेच थांबली. बराच वेळ समोरच्या झाडीकडे बघत होती. दुपारच्या त्या वेळेला पाणी हलत नाही. डोंगर पाण्यात उलटा पडलेला असतो आणि कुठला खरा ते कळत नाही.

तिने मला हळूच विचारलं, "इथे कुणाचंही नाव घेतलं तर चालतं?"

मी म्हटलं, चालतं की. मग माझ्या लक्षात आलं. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलंच तर लग्नाकार्यात, उखाण्यात, चार जणींनी आग्रह केल्यावर. मी पाठ फिरवली आणि उगाच तंबाखूची डबी काढली.

पहिल्यांदा तिचा आवाज उमटलाच नाही. मग तिने श्वास घेतला आणि हाक मारली, "वसंतऽऽ". बारीक, कापरी, पण इतकी मनापासून की माझे हात डबीवरच थांबले. समोरून ठकाजीने ती घेतली, "वसंताऽऽ". मग वरच्या वाडीने. मग, मी शपथेवर सांगतो, त्याच्याही पलीकडून कुणीतरी. सगळा डोंगर तिच्या नवऱ्याचं नाव घेत होता, आणि ती पदर तोंडावर धरून हसत होती, आणि डोळ्यांत पाणी होतं. वसंतराव धावतच आले, काय झालं म्हणून. ती काही केल्या सांगेना.

ठकाजी तीन दिवस रानात हिंडला. पार वरच्या कड्यापर्यंत जाऊन आला, पाय सोलून घेतले. पाहुण्यांमुळे माझी दुधाची एक खेप चुकली होती; मी गेलो तेव्हा तो उंबऱ्यात पाय धरून बसला होता.

"वसंता घावला का रं?"

"घावला, मामा."

"बरी आसंल न्हवं ती बाई? लई जीव तुटत हुता तिचा."

मी बरी आहे म्हणालो. त्या दिवशी मला होडी वल्हवताना पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. पण फळी काढली नाही. सवय झाली की लाजही रोजच्या वाटेवरचा दगड होते. आपण वळसा घालून जातो.

मग तो श्रावण आला. पुण्याच्या एका कचेरीतली मंडळी सहलीला आली होती, तीन मोटारी भरून. मला भजी तळायला उसंत नव्हती. त्यांचा मुक्काम खडकावरच होता. पावसाची सर आली की माझ्या छपरात, गेली की पुन्हा खडकावर. धुकं असं की समोरचा डोंगर क्षणात असायचा, क्षणात नसायचा. नावं घेऊन घेऊन कंटाळल्यावर त्यांतल्या एका दांडगटाने कुकारा घालायला सुरुवात केली, आणि मग सगळेच घालायला लागले. समोरूनही कुकारे येत होते. ऊन, धुकं, पाऊस, आणि पाण्यावरून इकडून तिकडे जाणारे ते लांब आवाज. मला गुंगी आल्यासारखं झालं होतं.

चहाच्या वेळेला मी भज्यांची परात घेऊन खडकावर गेलो. सगळे खाण्यात गुंतलेले, कुणी ओरडत नव्हतं. आणि समोरून कुकारा आला. मग दुसरा. मग तिसरा.

एका गृहस्थांनी भजं हातात धरून मला विचारलं, "अहो खानसामा, आम्ही तर कुणी ओरडलोच नाही. हा कुठून आला?"

मी म्हणालो, "श्रावणात आमचा एको जरा उशिरा येतो, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो.

मला कळलं नव्हतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता वय झालं, या पानावर तरी खरं लिहितो. मला आत कुठेतरी टोचलं होतं. तीन मोजले गेले होते. पण हातात परात होती, समोर साहेबलोक होते, आणि माझ्या बोलण्यावर दाद मिळाली होती. मी परत जाऊन कढईत पुढचा घाणा सोडला.

पाचच्या सुमाराला मोटारी गेल्या. बंगल्यात एकदम सामसूम झाली. मी व्हरांड्यात पडलेले कप गोळा करत होतो. तेव्हा पाण्यावरून एक आवाज आला. तो कुकारा नव्हता, हाळी नव्हती. फाटक्या चामड्यातून वारा जावा तसं काहीतरी होतं. मी कप तिथेच टाकले आणि होडीकडे धावलो.

पावसाने गोठ्याची दगडी भिंत यसूआत्यावर पडली होती. सकाळी. उजवा पाय मांडीपासून खाली चेचला होता. ठकाजीने एकट्याने दगड उपसून तिला काढली, वर पांघरूण टाकलं आणि काठावर येऊन हाळी घालायला लागला. तिला टाकून डोंगर वेंघून तो कुणाला आणायला जाणार? ओढ्यांना पूर होता. वारा पश्चिमेचा, त्यामुळे वरच्या वाडीला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. माझ्याकडे मात्र आवाज सरळ येत होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो कुकारे घालत राहिला. मी पोचलो तेव्हा त्याच्या ओठांना रक्त होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

तिला घोंगडीत घालून आम्ही होडीत ठेवली. अलीकडे आणली तर बंगल्याच्या आवारात नुसते चाकांचे चर. दुपारभर तिथे तीन मोटारी उभ्या होत्या. पहाटे कोळशाचा ट्रक मिळाला, त्यात घालून पुण्याला मोठ्या इस्पितळात नेली. ती वाचली. पाय राहिला, पण वाकडा बसला. डॉक्टर एवढंच म्हणाले की आदल्या दिवशीच आणलं असतं तर सरळ बसला असता. ठकाजीच्या गळ्याचंही त्यांनी बघितलं. आत काही फाटलंय, आता एवढाच आवाज राहील, असं सांगितलं. एवढाच म्हणजे कुजबुज.

इस्पितळाच्या ओसरीवर आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. दुसरा दिवस असावा. तो माझ्या कानाशी आला आणि त्या घोगऱ्या कुजबुजीत त्याने विचारलं, "हसना, तुला ऐकू न्हाई आलं व्हय रं?"

रागाने विचारलं असतं तर मी काहीतरी खोटं बोललो असतो. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. हाळी आली आणि कुणी घेतली नाही, असं त्याच्या डोंगरात झालं नव्हतं, आणि ते का झालं हे त्याला कळत नव्हतं. मी सगळं सांगितलं. फळी, पॉइंट, वही, माझं कायम होणं. ते लोक हरवलेले नव्हते, मामा, मी म्हटलं. गंमत म्हणून ओरडायचे. आपलंच नाव घ्यायचे आणि ऐकायचे. शालिनी खडकावरच बसलेली होती. डिसोजा स्वतःच ओरडत होता.

"आनि वसंता?"

"तो खाली बगळे बघत होता."

मला वाटलं, आता हा उठेल आणि माझं तोंड बघणार नाही. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. पण त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंजी कुनीच हरवलं न्हवतं?"

"कुणीच नाही."

"लई बरं झालं बाबा," तो म्हणाला. "मला लई घोर लागला हुता. येवढी मानसं जात्यात कुटं, म्हनून."

मी ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत रडलो. तो मला थोपटत राहिला. उठताना एवढंच म्हणाला की म्हातारीला हे सांगू नकोस. ती एवढी वर्षं भाकरी ठेवत आलीय, तिला वाईट वाटेल.

परत आल्यावर मी ती फळी उपटली आणि तिच्यावर भात शिजवला. डांबराचा वास येत होता, तरी खाल्ला. पाहुणे यायचे, वहीत वाचलेला एको मागायचे, खडकावर जाऊन घसा कोरडा करायचे. डोंगर गप्प. तो पहिल्यापासूनच गप्प होता. शेवटी कचेरीतून लेखी विचारणा आली की सदर बंगल्याचा एको का बंद पडला, याचा खुलासा करावा. मी खाली लिहून पाठवलं, "सदर एकोचा आवाज बसला आहे." पुन्हा विचारणा आली नाही.

दुधाला मी जात राहिलो. पाणी भरणं, लाकडं फोडणं, जमेल ते करून यायचो. कुणी सांगितलं म्हणून नाही. यसूआत्या काठी टेकत चालायची आणि फडक्यातली भाकरी दुरडीत रोज असायची.

चार-पाच वर्षांनी एका दुपारी व्हरांड्याच्या पायरीवर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. "ओळखलंत का?" मी आधी त्यांच्या मागच्या गृहस्थांना ओळखलं. वसंतराव जरा सुटले होते. स्टोव्ह आणला नव्हता. माझ्या हातचा पिठलंभात जेवले आणि मागून घेतला. जेवण झाल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, आता आपला एको. मी म्हटलं, नाही बाई. मग व्हरांड्यात बसून सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पाहुण्यांपैकी कुणाला सांगितलेलं ते पहिलंच. वसंतराव मान खाली घालून ऐकत होते. तीन दिवस कुणीतरी आपल्याला शोधत रानात हिंडलं, हे माणसाला एकदम पेलत नाही.

सुमतीबाई पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "त्या दिवसानंतर मी परत कधी नाव घेतलं नाही. एकदा घेतलं तेवढं पुरलं." आणि मग, "आम्हाला पलीकडे न्याल?"

ऊन उतरत होतं. पाण्यात डोंगर उलटा पडला होता आणि आमची होडी त्याच्या झाडीवरून चालली होती. ठकाजी काठावर बसलेला होता. मी त्याच्या कानात सांगितलं. त्याने वसंतरावांना खालून वर पाहिलं, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे चाचपले आणि त्यांना खोपीकडे नेलं.

यसूआत्या चुलीशी होती. "कोन आलंय?"

मी ठकाजीकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"वसंता, आत्या," मी म्हटलं. "तो, हाळीतला."

तिने काठी टेकून उठायचा प्रयत्न केला, तेव्हा वसंतरावच पुढे होऊन तिच्यासमोर खाली बसले. पँट मातीत. तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"लई दिस लावलंस रं," ती म्हणाली. "पर वाळला न्हाईस. कुनीतरी खाऊ घातलं म्हनायचं."

तिने दुरडीतून फडकं काढलं, सोडलं, आणि भाकरी त्यांच्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. कचेरीतला तो माणूस. मला वाटलं, आता हा काहीतरी समजावून सांगायला जाणार. त्यांनी भाकरी दोन्ही हातांत धरली.

"वाट चुकलो होतो, आजी," ते म्हणाले, आणि खाऊ लागले.

यसूआत्याने सुमतीबाईंना जवळ बोलावलं. "घावला म्हनून हाळी घाल, बाई. वरच्या वाडीला कळाय नगो? ह्यांचा गळा ऱ्हायला न्हाई."

सुमतीबाई अंगणाच्या कडेला गेल्या. या खेपेला मी पाठ फिरवली नाही. त्यांनी पदर खोचला आणि हाक घातली, "वसंता घावलाऽऽ". वारा पडलेला होता. आम्ही वाट पाहिली, ठकाजी कानामागे हात धरून. वरच्या वाडीने हाळी घेतली. थोड्या वेळाने तिच्या पलीकडून कुणीतरी. मग आणखी दूर, जिथे मी एवढ्या वर्षांत कधी गेलो नव्हतो, तिथून. ठकाजी प्रत्येक आवाजाला मान डोलवत होता.

आत यसूआत्याने रिकामं फडकं झटकलं. "एक घावला," ती म्हणाली. "आजून बाकीची हायेत." आणि तिने परातीत पीठ घेतलं.